मिसरची मोमियाई

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही. ज्याच्याबरोबर सात-आठ महिने रोज काम केलं त्या चाँदमियाँलाही नाही — त्याला ठाऊक होतं असा मला संशय आहे, पण माझ्या तोंडून त्यानं कधी ऐकलं नाही. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. किंवा आता सांगितलं नाही तर राहूनच जाईल म्हणून. बसा जरा. गोष्ट मोठी नाही, पण मी तिच्याभोवती घिरट्या घालणार हे आधीच कबूल करतो. सरळ तिथं जायला पाय धजत नाहीत.

मला ओळखणारे लोक 'हात लावा मास्तर' म्हणतात. पुढं मी अजायबघरात नोकरीला लागलो, दालनं मांडत राहिलो, आणि जिथं जिथं माझं चाललं तिथं 'हात लावू नका' ही पाटी काढून 'हात लावा' अशी पाटी लावली, म्हणून हे नाव पडलं. चांगलं नाव आहे. ऐकलं की अजून बरं वाटतं — आणि लगेच वसमतच्या शाळेसमोरचं कडुलिंबाचं झाड आणि त्याखाली उभी असलेली बैलगाडी दिसते. पण ती गाडी नंतर. आधी मिसर.

निजामाचं राज्य होतं आणि दूर कुठंतरी मोठी लढाई नुकतीच सुरू झाली होती. मी वसमतला इतिहास आणि चित्रकला शिकवायचो. शिकवणं उर्दूत, पोरांशी बोलणं मराठीत, आणि रागावणं दोन्हीत. त्याआधी ट्रेनिंगसाठी हैदराबादला होतो, तेव्हा एका सुट्टीच्या दिवशी अजायबघर बघायला गेलो. तिथं काचेच्या पेटीत मिसर देशातलं — आता सगळे इजिप्त म्हणतात — एक प्रेत ठेवलं होतं. कापडाच्या पट्ट्यांत गुंडाळलेलं, काळपट, लहानखुरं. एका पायाच्या पट्ट्या सुटल्या होत्या आणि अंगठ्याचं नख दिसत होतं.

नख, हो. तीन-चार हजार वर्षांपूर्वी जगलेल्या माणसाच्या पायाचं नख, आणि ते अगदी माझ्या नखासारखं. आपण चपला घालून आत आलोय याची लाज वाटली — का वाटावी? तो काही माझा देव नव्हता, माझा पूर्वज नव्हता. पण मी तिथं किती वेळ उभा होतो ते मला सांगता येणार नाही. कुणीतरी या माणसासाठी कापड फाडलं असेल, पट्टी पट्टी करून गुंडाळलं असेल, गुंडाळताना रडलं असेल. आणि ते सगळं माझ्यापर्यंत येऊन पोहोचलं होतं. माझा हात आपोआप काचेकडं गेला, तशी शिपायानं काठी आपटली. 'हात नक्को लगाओ.'

त्या दिवसापासून मला दुसरं काही सुचेना. वसमतला आल्यावर मी मुलांना मिसर शिकवायचो तेव्हा मुलं जांभया द्यायची. त्यांचं काय चुकलं? आमच्याकडचा माणूस नुसतं बघून विश्वास ठेवत नाही. हळदीच्या अडतीवर जाऊन बघा — हळकुंड मोडतील, वास घेतील, नखानं टोकरतील, मगच भावाचं बोलतील. कापूस चिमटीत धरून धागा ओढून बघतील. अशा माणसांना काचेआडचं काय कळणार? तेव्हा मी ठरवलं की शाळेच्या प्रदर्शनात — नुमाइश म्हणायचो आम्ही — मिसर मांडायचा, आणि असा मांडायचा की बघणाऱ्याला हात घातल्याशिवाय काही दिसायचंच नाही.

यात माझं डोकं होतं, पण हात चाँदमियाँचे होते. चाँदमियाँ खरादी, म्हणजे लाकूड कातणारा. बाजेचे पाय, पाळण्याचे खुंट चरकावर उतरवण्यात त्याच्या चार पिढ्या गेल्या होत्या. माझ्याहून वीस वर्षांनी मोठा, कमी बोलणारा. मी कागदावर काढून न्यायचो, तो कागद उलटा करून बघायचा, मग बाजूला ठेवून म्हणायचा, "असं न्हाई होनार मास्तर, असं होईल." आणि तसंच व्हायचं.

काय काय केलं आम्ही! आसना नदीची वाळू आणून मोठ्या खोक्यात भरली, थरावर थर. वरच्या थरात फुटकी चिलीम, खालच्यात काचेची बांगडी, त्याखाली गावाबाहेरच्या पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या, टेकाडावर सापडलेले मातीचे मणी, आणि सगळ्यात तळाला मिसरचा शेणकिडा, मी मातीचा करून भाजलेला. बघणाऱ्यानं कुंच्यानं वाळू बाजूला सारत सारत खाली जायचं. जितकं खाली तितकं जुनं — हे मी सहा महिने फळ्यावर लिहून शिकवलं होतं, ते तिथं एका घटकेत लोकांना कळलं. मिसरची माणसं शेणकिड्याला देव मानायची हे सांगितल्यावर लोक हसतील अशी माझी तयारी होती. एक म्हातारा तो किडा तळहातावर घेऊन म्हणाला, "मानतीलच. त्यो बी लई राबतोय." मला त्याच्या पाया पडावंसं वाटलं.

मग भुयार. एका वर्गाच्या खिडक्या तरटांनी बंद केल्या, आत बांबू आणि तरटं लावून वळणाची वाट केली. वाटेच्या तोंडाशी उन्हात न्हाव्याचा मोठा आरसा, चाँदमियाँनं खुंटीवर बसवलेला, मुठीनं फिरणारा. त्याची तिरीप वळणावरच्या दुसऱ्या आरशावर पडायची आणि तिथून आतल्या भिंतीवर. भिंतीवर मी नाव काढली होती, नावेत राजा, राजाच्या तोंडावर बेगड लावलेली. एकानं बाहेर मूठ फिरवायची आणि दुसऱ्यानं आत अंधारात उभं राहून सांगायचं — जरा हिकडं, जरा वर. आणि एकदम राजाचा चेहरा पेटून उठायचा. आतून जो आवाज यायचा तो मी कधी विसरणार नाही. ओरडणं नव्हे. नुसता श्वास आत घेतल्याचा आवाज. आज एवढी वर्षं दालनं मांडली, पण तसा श्वास मला पुन्हा फार थोड्या वेळा ऐकू आला.

आणि शेवटी पेट्या. एकात एक अशा तीन लाकडी शवपेट्या, बाजूला विहिरीवर असतो तसा रहाट. रहाट फिरवला की दोरानं एकेक झाकण उचललं जायचं. पहिलं, दुसरं, तिसरं. आत आमचा राजा. बांबूचा सांगाडा, वर तुसाची माती, त्यावर माझ्या जुन्या धोतराच्या पट्ट्या, हळदीच्या पाण्यात आणि चहाच्या चोथ्यात बुडवून वाळवलेल्या. खऱ्या प्रेतावर काळा राळेसारखा थर असतो, म्हणून स्टेशनातल्या एका ओळखीच्या माणसाकडून डांबर आणून पायावर आणि छातीवर फासलं होतं. दोन पावलांवरून बघितलं तर मलाच भीती वाटायची.

आता शब्दाकडं येतो. माझ्याकडच्या उर्दू पुस्तकात त्या प्रेताला 'मोमियाई' म्हटलं होतं. मला तो शब्द फार आवडला. प्रेत म्हटलं की लोक विटाळ मानतील, मुर्दा म्हटलं की पळतील, पण मोमियाई — कसा भारदस्त! मी फळी रंगवली, वर उर्दूत आणि खाली मराठीत लिहिलं, 'मिसरची मोमियाई'. चाँदमियाँनं ती फळी बघितली आणि हातातलं काम खाली ठेवलं.

"मास्तर, हे नाव नक्को लिहू. मोमियाई म्हंजे दवा. हड्डी मोडली का लावतेत. माझी दादी सांगायची, असली मोमियाई मिसरातल्या मुर्द्याच्या अंगातून निघती."

मी हसलो. मला तर ते फारच मजेदार वाटलं, पुस्तकातला शब्द आणि त्याच्या दादीची दवा एकाच गावची निघाली म्हणून. लोक काय एवढे भोळे आहेत का, असं मी त्याला विचारलं. तो म्हणाला, तुमची मर्जी. आणि पुन्हा रंधा हातात घेतला. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा म्हणतात ना, तशी ती फळी होती, पण माझं तिच्यावर प्रेम होतं. मी ती शाळेच्या दारावर, रस्त्यावरून दिसेल अशी ठोकली.

नुमाइश शनिवारी उघडली. गर्दी किती झाली म्हणून सांगू? लोकांनी न सांगता चपला बाहेर काढल्या. रहाट फिरवायला रांग लागली. तिसरं झाकण उचललं की बायका पदर डोक्यावरून नीट करायच्या. कुणी पायाशी ज्वारीचे चार दाणे ठेवले. मी ते उचलले नाहीत. मला ते बघून भरून यायचं — हैदराबादला काचेसमोर मला जे झालं होतं, ते मी या माणसांपर्यंत आणून पोहोचवलं होतं. आणि खरं सांगू? लोक राजाकडं ज्या नजरेनं बघायचे त्यातली थोडी नजर माझ्याकडंही वळायची. ती मला गोड लागायला लागली. 'मिसरवाले मास्तर', असं बोट दाखवून म्हणायचे. मी मान ताठ करून फिरायचो.

त्यातच हेडमास्तरांनी सांगितलं की गुरुवारी मोहतमीमसाहेब येणार — म्हणजे शाळा तपासणारे मोठे अधिकारी. त्यांना पसंत पडलं तर हे सगळं हैदराबादच्या मोठ्या नुमाइशीत जाणार होतं, आणि त्याबरोबर मीही. मला आयुष्यात दुसरं काही नको होतं. हे लक्षात ठेवा. म्हणजे सबब म्हणून नव्हे, नुसतं लक्षात ठेवा.

सोमवारी दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, मी एकटाच आत होतो. एक बाई दारात आली. तिशीची असेल, पायावर धूळ. तिनं फळीकडं बघितलं — वाचता येत नसावं, पण तीच फळी ना, अशी खात्री करून घेतल्यासारखं. म्हणाली, जवळा बाजारच्या बाजारात ऐकलं, मिसरची मोमियाई वसमतला आलीय, ती हीच का? मी म्हणालो, हीच. आणि तिच्यासाठी मी स्वतः रहाट फिरवला.

तिसरं झाकण उचललं गेलं. ती घाबरली नाही. पुढं वाकून तिनं त्याला पायापासून तोंडापर्यंत सावकाश बघितलं. मग हळूच म्हणाली, "किती जपून ठिवलंय. कुनाचं तरी लेकरूच असंल."

तुम्हाला सांगतो, एवढे लोक येऊन गेले, मोहतमीम आले, पुढं मोठमोठे विद्वान आले, पण त्या मयताबद्दल याहून खरं कुणी बोललेलं मी ऐकलं नाही. मी तिच्याकडं बघतच राहिलो. आणि तेवढ्यात तिनं हात जोडले. तिचं नाव गयाबाई. नवरा किसन कापसाच्या भरल्या गाडीवरून पडला होता, नडगी मोडली होती. तो बाहेर गाडीतच होता. ती म्हणाली, "मास्तर, उलुशी द्या. मुगाएवढी. तीन दिसांत हाड जुळतंय म्हनतेत."

त्या वेळी मला एक वाक्य बोलायचं होतं. बाई, ही माती आहे आणि माझं धोतर आहे. एवढंच. किती शब्द झाले? पण त्या वाक्यानं काय झालं असतं ते मला दिसलं. ती आत्ता ज्या डोळ्यांनी बघत होती ते डोळे गेले असते. तिनं ज्याला कुणाचं तरी लेकरू म्हटलं होतं ते तुसाचं बुजगावणं झालं असतं, आणि मी बुजगावण्याचा मालक. मी तिला थांबायला सांगितलं. तिच्याकडं पाठ केली, पेन्सिलीला टोक काढायचा चाकू घेतला, आणि राजाच्या टाचेवरचं डांबर खरवडलं. मुगाएवढं नाही, हरभऱ्याएवढं. चित्रकलेच्या कागदात पुडी बांधली. पोटात देऊ नका, तुपात कालवून वरून लावा, असं सांगितलं. या सावधपणाचं मला त्या वेळी कौतुकही वाटलं — बघा, मी विष तर दिलं नाही.

इथं थांबलो तर तुम्ही म्हणाल, जाऊ द्या, तरुण होता, भिडेखातर झालं. मीही मनाशी कित्येक वर्षं इथंच थांबत आलो. आठवण काढायची ती पुडीपर्यंत आणि मग दुसऱ्या कामाला लागायचं. पण गोष्ट पुडीपाशी संपलेली नाही. पुडी ही त्यातली लहान गोष्ट आहे.

पुडी घेऊन ती बाहेर निघाली, मी मागोमाग गेलो. कडुलिंबाखाली गाडी उभी होती. किसन गवतावर आडवा, पायाला तुराट्या बांधलेल्या, तोंड घामानं भिजलेलं. मला बघून त्यानं पडल्या पडल्या हात जोडले. गाडी धरून त्याचा भाऊ उभा होता, बैल जुंपलेलेच होते. आणि गयाबाईनं मला विचारलं — त्या तिघांशिवाय आणि माझ्याशिवाय हे कुणाला ठाऊक नाही — तिनं विचारलं, "आमी वस्तादकडं चाललो व्हतो. वाटंत शाळा लागली म्हनून उतरले. आता आधी वस्तादकडं न्यावं का आधी ही दवा लावावी?"

वस्ताद म्हणजे तालमीचे वस्ताद. मोडलेलं हाड बसवण्यात त्यांचा हात धरणारा आसपास कुणी नव्हता. कनेरगाव नाक्यापासून लोक गाड्या जुंपून त्यांच्याकडं यायचे. आणि त्यांची तालीम शाळेपासून दोन गल्ल्यांवर होती. तिथून त्यांच्या पोरांचे दंड ठोकल्याचे आवाज शाळेत ऐकू यायचे. दोन गल्ल्या. ती गाडी एवढ्या लांबून आली होती आणि तिला आता फक्त दोन गल्ल्या जायचं होतं.

माझ्या डोळ्यांपुढं काय आलं? किसनचा पाय आला का? नाही आला. वस्ताद पुडी सोडतायत, वास घेतायत, आणि तालमीतली सगळी पोरं खदखदा हसतायत, हे आलं. मास्तरनं डांबर दिलं मोमियाई म्हणून. संध्याकाळपर्यंत बाजारभर, बुधवारपर्यंत हेडमास्तरांच्या कानावर, आणि गुरुवारी मोहतमीमसाहेब. झाकली मूठ सव्वा लाखाची — आणि मूठ तीन दिवस झाकून ठेवायची होती. हा हिशेब मी उभ्या उभ्या केला. त्याला वेळ लागला नाही, हे मला फार लागतं. थोडा तरी वेळ लागायला हवा होता.

मी म्हणालो, "वस्ताद नको. घरी न्या. दवा लावा आणि तीन दिवस पाय हलवू नका."

हे ते वाक्य. तीन दिवस हा आकडा तिनंच मला दिला होता, मी तो उचलला आणि तिलाच परत दिला. किसनच्या तोंडावर सुटल्यासारखं आलं. वस्तादच्या हातची ओढ सोसावी लागणार नाही म्हणून असेल. भावानं बैल वळवले. गाडी आली त्या वाटेनं परत निघाली, मी हात वर करून निरोप दिला, आणि आत येऊन डबा खाल्ला. भाकरी आणि वांग्याची भाजी होती. मला चांगली भूक होती.

दुसऱ्या दिवशी चाँदमियाँ पेटीतले दोर तपासत होता. टाचेपाशी येऊन थांबला. मी आपण होऊनच म्हणालो, उंदरानं खाल्लं असेल. खरवडलेल्या जागेवरून त्यानं अंगठा फिरवला. मग म्हणाला, "उंदरं डांबर खात न्हाईत मास्तर." आणि बोटानं डांबर लावून त्यानं ती जागा बुजवली, अशी की मलाही ओळखू येईना. फळी मात्र त्यानं त्याच दिवशी काढून उलटी करून भिंतीला टेकवून ठेवली. मी ती बुधवारी पुन्हा ठोकली.

गुरुवारी मोहतमीमसाहेब आले. त्यांनी वाळू सारली, आरसा फिरवला, स्वतः भुयारात जाऊन उभे राहिले. मी बाहेरून मूठ फिरवत होतो. आतून तोच श्वास ऐकू आला. मोठा माणूस, पण श्वास तोच. पेट्यांपाशी येऊन त्यांनी फळी वाचली आणि म्हणाले, 'मोमियाई! वाह, क्या लफ्ज चुना है.' मी आभाळात होतो. किसनची आठवण मला दिवसभरात एकदाही आली नाही. आली होती असं सांगितलं तर तुम्हाला बरं वाटेल, पण नाही आली.

हैदराबादचं पत्र यायला हळदीचा हंगाम उजाडला. मी एका वर्गात राजाला गवतात बांधत होतो. चाँदमियाँ बरोबर येणार नव्हता, माझं काम झालं म्हणाला होता. तेव्हा दारात गयाबाई येऊन उभी राहिली. अडतीवर हळद घालायला आली होती. तिला बघून मी हातातला दोर खाली ठेवला. आली हिशेब मागायला, असं वाटलं, आणि एका बाजूनं — विश्वास ठेवा — सुटलो असंही वाटलं. आता ती बोलेल, शिव्या देईल, मग मला काही सांगायची गरज राहणार नाही.

ती उंबऱ्याबाहेरच बसली. तिनं सांगितलं, किसनचा पाय चार बोटं आखूड झाला होता आणि तिरपा. औत धरता येत नव्हतं. औत आता तीच धरत होती. तिचे तळहात दिसत होते मला. सोमवारी रात्रीपासून पाय सुजत गेला, बुधवारी काळानिळा झाला. किसन ओरडत होता तरी तिनं त्याला हलू दिलं नाही, मास्तरांनी सांगितलंय म्हणून. दिराशी भांडली. दाराला आडवी झाली. शेवटी गुरुवारी दिवस उगवायच्या आत दिरानं तिला बाजूला सारून गाडी जुंपली आणि वस्तादकडं आणलं. म्हणजे मी आरशाची मूठ फिरवत होतो तेव्हा ते दोन गल्ल्यांवर होते. एवढ्या सुजेवर वस्तादांना हाड जागेवर ओढता आलं नाही. सूज उतरली तोवर ते वाकडंच धरलं होतं. वस्तादांनी विचारलं, तीन दिवस कुठं होता? आणि तिनं दिराला, नवऱ्याला, कुणालाच काही सांगू दिलं नाही. माझं नाव तिनं सांगितलं नव्हतं. का सांगितलं नव्हतं ते मला पुढच्या घडीला कळलं.

"माझ्याच्यानं चुकी झाली मास्तर," ती म्हणाली. "तुमी तीन दिस सांगितले व्हते. सोमवारी दुपारी दवा दिली, म्हंजे गुरुवारी दुपारपस्तोर दम धरायचा. आमी सकाळीच हलवलं. अर्ध्या दिसासाठी घात झाला. मी दिराला अडवाया पायजे व्हतं. तुमच्या दव्याला उगं बट्टा लागंल म्हनून कुनाला बोलले न्हाई. पर तुमच्या म्होरं कबूल करावं म्हनून आले."

मी तिच्यासमोर उभा होतो. हैदराबादला त्या तीन-चार हजार वर्षांच्या प्रेतासमोर उभं राहून मला जे वाटलं होतं त्याहून मोठं काहीतरी त्या वेळी माझ्यासमोर उंबऱ्यावर बसलं होतं, आणि ते मला स्वच्छ दिसत होतं. एखाद्यावर असा विश्वास कसा टाकता येतो? अर्ध्या दिवसाचा हिशेब तिनं इतके महिने मनात धरला होता. रोज औत धरताना धरला होता. राजा माझ्या मागं गवतात पडलेला होता. मी बोट करून दाखवलं असतं तरी पुरे होतं. एक पट्टी सोडून आतलं तूस दाखवलं असतं तरी पुरे होतं. तिच्या मनावरचं ओझं उतरायला माझं एक वाक्य लागत होतं, आणि ते फक्त माझ्याकडंच होतं.

तिनं पदरानं तोंड पुसलं आणि माझ्याकडं बघितलं, मी काय म्हणतो त्याची वाट बघत.

मी म्हणालो, "जाऊ द्या गयाबाई. होतं माणसाकडून."

मी तिला माफ केलं.